मु. पो. पाली

"गाव कुठलं तुमचं?" असं कुणी विचारलं की लहानपणापासून माझं उत्तर ठरलेलं, "पाली." त्यावर समोरचा हमखास म्हणणार, "अरे वा, बल्लाळेश्वराची!" मग मी म्हणणार, नाही हो, ती अष्टविनायकातली, रायगडातली. आमची पाली रत्नागिरीतली. मुंबई-गोवा हायवेने हातखंबा सोडून लांज्याकडे निघालं की कोल्हापूरचा रस्ता फुटतो ना, तिथली. शंभरातला एखादाच म्हणतो, "हां हां, आंबा घाटाकडे वळतो आपण, तीच ना?" आणि मला त्या अनोळखी माणसाबद्दल उगाचच माया वाटायला लागते.

खरं सांगायचं तर या 'माझ्या' गावात मागच्या डिसेंबरपर्यंत मी सगळी मिळून तीन वेळा गेले होते. तिसऱ्यांदा गेले तेव्हा नववीत होते. त्यानंतर आमचं जाणं बंद झालं ते झालंच. घरातल्यांना कारण माहीत आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते.

पालीचं घर पणजोबांनी बांधलेलं. त्यांना दोन मुलगे. मोठा, म्हणजे माझे आजोबा, मुंबईला गिरणीत लागले. धाकटा गावी राहिला. बाबा आणि आत्या दोघंही लालबागच्या चाळीत जन्मले, तिथेच वाढले. गणपतीला आणि शिमग्याला पालीला जायचं आणि बाकी वर्षभर पालीच्या गोष्टी सांगायच्या, असा चाकरमान्यांचा शिरस्ता. पुढे गावच्या काकांना घर दुरुस्त करून वाढवायचं होतं. कर्ज काढायला जागा एका नावावर हवी, म्हणून त्यांनी बाबांकडे हक्कसोडपत्रावर सही मागितली. बाबांनी दिली नाही. "माझ्या बापाचं घर आहे. सही मागणारा तो कोण?" एवढं एकच वाक्य तेव्हा माझ्या कानावर पडलं होतं. मग बोलणं बंद, जाणं बंद. बाबा शेवटपर्यंत "आमच्या पालीला ना..." अशीच गोष्टीची सुरुवात करायचे. पण तीस वर्षांत एकदाही पालीला गेले नाहीत.

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. काका त्याआधीच गेले होते. मागच्या दिवाळीत काकांच्या मुलाचा, म्हणजे गावच्या दादाचा फोन आला. अगदी संकोचून बोलत होता. घराचं काम पुन्हा काढायचंय, पावसाळ्यात मागची भिंत बसली, कागद एकदा नीट झाले तर बरं... मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला.

आत्याला कळवलं तर ती एका वाक्यात मोकळी झाली. "भाऊ असता तर त्याने सही केली नसती. तूही करू नकोस." टोरांटोच्या भावाला विचारलं, तो म्हणाला, "तू जाऊन बघ. तुला योग्य वाटेल ते कर, मी माझे कागद पाठवतो." त्याच फोनवर माझी नऊ वर्षांची भाची... चुकले, पुतणी! (बाबा असते तर इथेच टोकलं असतं) मध्ये घुसली. तिच्या शाळेत म्हणे प्रोजेक्ट होतं. जगाच्या नकाशावर आपले पूर्वज जिथून आले तिथे टाचणी लावायची. "आत्या, आपण कुठून आलो?" मी म्हटलं, पाली. तिने मॅपवर शोधलं. अर्थातच तिला बल्लाळेश्वराची पाली सापडली. :)

तर अशी सगळी पार्श्वभूमी डोक्यात घेऊन मी आणि नवरा डिसेंबरात पुण्याहून निघालो. कराड, मलकापूर करत आंबा घाट उतरलो. नवरा कोल्हापूरचा. बाबा त्याला लग्न ठरल्यापासून "घाटी" म्हणायचे. प्रेमाने, पण म्हणायचे. "घाट्यांना मासे कळत नाहीत", "घाटी माणूस, त्याला भाताचं काय कौतुक"... वीस वर्षं त्याने हे हसून ऐकून घेतलं. घाट उतरताना म्हणाला, "सासरेबुवा असते तर आत्ता म्हणाले असते, आला घाटी खाली."

साखरपा, नाणीज मागे टाकून पालीत शिरलो तेव्हा दुपार कलली होती. रस्तारुंदीकरणाची कामं चालू, लाल धूळ, दोन्ही बाजूंना दुकानं. माझ्या आठवणीतलं गाव काही केल्या त्याच्याशी जुळेना. एका टपरीपाशी गाडी थांबवली आणि तिथल्या म्हाताऱ्या बाबांना काकांचं नाव सांगून घर विचारलं. ते क्षणभर विचारात पडले आणि मग त्यांचा चेहरा उजळला.

"घाटकरांच्यात होय? मग तसं सांगा ना. सरळ जावा, पऱ्या ओलांडलात की डाव्या हाताला."

मी म्हटलं, नाही हो, आमचं आडनाव ते नाही. ते म्हणाले, "तेच घर." वाद कशाला घालायचा म्हणून निघालो. पऱ्या ओलांडल्यावर डाव्या हाताला खरंच आमचं घर होतं.

जांभ्याचं जुनं घर, वर कौलं, मागच्या अंगाला निळी ताडपत्री. अंगण सारवलेलं, एका कडेला पेंढ्याची उडवी. दादा अंगणातच उभा होता. काकी ओटीवर बसून वाटेकडे बघत होती. ऐंशीच्या पुढची असेल. मी वाकले तर तिने दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला आणि न्याहाळून म्हणाली, "नाक भाऊजींचं हाय गो." झालं! सही करायची की नाही, कागद आधी वाचून घ्यायचे, वकिलाला फोन करायचा, असं सगळं गाडीत ठरवून आले होते, त्यातलं निम्मं तिथेच विरघळलं.

रात्री तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सुकटीची चटणी, सोलकढी. जेवणं झाल्यावर ओटीवर बसलो होतो. मी सहज विचारलं, "काकी, ते टपरीवरचे बाबा आपल्याला घाटकर का म्हणाले?"

काकी हसली. "अगो, आपलं घर घाटकरांचंच. तुला ठाव नाय? भाऊजींनी कदी सांगितलं नाय?"

मग तिने सांगितलं ते असं. माझे खापरपणजोबा, म्हणजे पणजोबांचे वडील, पालीचे नव्हतेच. ते घाटावरचे, मलकापूरच्या बाजूचे. बैलांवर माल लादून आंबा घाटाने वर-खाली करायचे. वरून गूळ-मिरची-धान्य खाली आणायचं, खालून मीठ, सुकी मासळी, नारळ वर न्यायचे. मोठा दुष्काळ पडला तेव्हा बायकोला आणि दोन बैलांना घेऊन खाली उतरले. एक बैल वाटेतच गेला. एका बैलावर काही तांडा चालत नाही. पालीत रस्ता फुटतो तिथे काही दिवस थांबले, ते थांबलेच. खोताने वरकस जमिनीचा एक तुकडा कसायला दिला. गावाने त्यांना नाव दिलं घाटकर, घाटावरून आलेले. मोठा दुष्काळ म्हणजे कुठला, ते काकीला सांगता येईना. पिढ्या मोजल्या तर तो १८७६ ते ७८ चा असावा.

नवऱ्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या जुन्या फोटोकडे (तो ओटीवरच्या भिंतीवर अजून आहे, भांडण झालं तरी कुणी काढलेला नाही) आणि म्हणाला, "म्हणजे सासरेबुवा घाटी!" दादा हसायला लागला, वहिनी हसायला लागली, मीही हसले. हसता हसता रडू कधी आलं ते कळलं नाही. वीस वर्षं ज्याला घाटी म्हणून चिडवलं त्याच्या गावापासून हाकेच्या अंतरावरून आपण आलो, हे बाबांना माहीत नव्हतं, की माहीत असून त्यांनी सांगितलं नाही? आता कुणाला विचारणार...

काकी पुढे सांगत होती. सुरुवातीला गाव त्यांना आपलं मानत नव्हतं. शिमग्यात देवाची पालखी घरोघर यायची ती यांच्या दारावरून पुढे जायची. "पालखी पयल्यांदा आपल्या दारात थांबली ती तुझ्या पणजोबांच्या वक्ताला. तवा त्यांनी ह्ये घर बांधलं. दारात पालखी यायची तर दार नको काय?"

गावकरी व्हायला एक अख्खी पिढी गेली. आणि पालखी दारात थांबायला लागून एक पिढी होते न होते तोच आजोबा मुंबईला निघाले. मुंबईत त्यांना कुणी घाटकर म्हणालं नसणार. तिथे ते 'पालीचे' झाले. गावात कुणी पालीकर नसतो बघा, गाव सोडल्यावरच माणूस पालीकर होतो.

मग काकीने दादाला ट्रंकेतून कागद आणायला सांगितले. आता ही गोष्ट खास आत्यासाठी लिहितेय, तिने नीट वाचावी. आमची जमीन मुळात आमची नव्हती, खोताची होती. आपण कूळ. खोती कायद्याने गेली १९४९-५० मध्ये, आणि पुढे कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो जमीन कसत होता तो कायद्याने मालक झाला. कसेल त्याची जमीन. आणि त्या वेळी आपली जमीन कसत कोण होतं? आजोबा नाहीत, ते गिरणीत होते. नांगर धरत होते धाकटे आजोबा. सरकारदरबारी फक्त त्यांचं एकट्याचं नाव लागलं असतं तर कुणी काही म्हणालं नसतं. पण त्या जुन्या उताऱ्यावर दोन नावं आहेत. पहिलं आपल्या आजोबांचं, दुसरं त्यांचं.

काकी म्हणाली, "सासऱ्यांनी सांगून लावून घेतलं. मोठ्याचं नाव आधी पायजे म्हणाले."

बाबा ज्या हक्काच्या जोरावर "सही मागणारा तो कोण" म्हणाले, तो हक्क घामाने कमावला होता त्याच काकांच्या वडिलांनी. आणि न मागता भावाला दिला होता. मी त्या रात्री बराच वेळ झोपले नाही. बाबांवर राग आला का? आला थोडा. पण मग वाटलं, लालबागच्या एका खोलीत जन्मलेल्या माणसाकडे स्वतःचं म्हणायला तरी काय होतं? कागदावरचं ते एक नाव. ते सोडलं की आपण कुठलेच नाही, अशी भीती त्यांना वाटली असेल.

सकाळी दादाबरोबर लक्ष्मीपल्लीनाथाच्या देवळात जाऊन आलो. गावाचं नाव देवाच्या नावातच आहे. वाटेत काजूची कलमं बघितली, आंब्यांना मोहोर फुटायला लागला होता. दादा कलम कसं बांधतात ते सांगत होता. रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधायची, मूळ इथलं, फांदी दुसरीकडची. मला एकदम आठवलं, की ज्याच्या जिवावर रत्नागिरी जगात मिरवते तो हापूस नाव घेऊन आला पोर्तुगीज अल्फान्सोचं, आणि काजूचं झाडही पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणलं. आज काजू कोकणातला नाही म्हणालात तर इथली माणसं तुम्हाला गावाबाहेर काढतील.

रजिस्ट्रेशनची वेळ रत्नागिरीत दुपारची मिळाली होती. पालीहून रत्नागिरी वीसेक किलोमीटर. सकाळचे दोन-तीन तास हातात होते म्हणून थिबा पॅलेस बघायला गेलो. मी शाळेत असताना बाबांनी एकदा दाखवला होता. तेव्हा लक्षात राहिलं ते एवढंच, की राजवाडा म्हणावा तसा काही तो नव्हता, मोठा बंगला होता आणि बाहेर भेळ चांगली होती.

या वेळी मात्र तो राजा माझ्या आणखीच जवळ आला. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, सव्वीस वर्षांच्या राजाला आणि राणी सुपयालतला बोटीत बसवलं, आधी मद्रासला ठेवलं आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. रत्नागिरीच का? तेव्हा रेल्वे नाही, पावसाळ्यात समुद्र बंद, घाटातून वाट अवघड. आपल्याला जे 'कोकणाचं मागासलेपण' वाटतं तेच इंग्रजांना सोयीचं होतं. त्यांनी असाच उलटा प्रवास आधी बहादूरशहा जफरला घडवला होता. १८५८ मध्ये दिल्लीच्या बादशहाला रंगूनला धाडलं, १८६२ मध्ये तो तिथेच वारला. आणि आणखी एक गोष्ट, जी आपल्याला शाळेत अर्धीच सांगतात. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते, गीतारहस्य त्यांनी तिथे लिहिलं. त्या सहा वर्षांत रत्नागिरीचा माणूस मंडालेत बंदी होता आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत.

म्हणजे बघा, काकीचा दुष्काळ आणि माझी मोजणी बरोबर असेल, तर माझे खापरपणजोबा एक बैल घेऊन पालीत उतरले आणि त्यानंतर दहाएक वर्षांत ब्रह्मदेशचा राजा रत्नागिरीत उतरला. दोघंही परके. एकाला पालखीची वाट बघावी लागली, दुसऱ्याला परवानगीशिवाय शहराबाहेर जाता येत नव्हतं.

हा राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये. त्याआधीची जवळपास पंचवीस वर्षं राजाने दुसऱ्या बंगल्यांत काढली. नव्या वाड्यात त्याला सहाच वर्षं मिळाली. डिसेंबर १९१६ मध्ये तो गेला. आता तिथे संग्रहालय आहे. लाल रंगाची इमारत, उतरती छपरं, लाकडी कमानी. या उंचवट्यावरून भाट्याची खाडी दिसते. असं म्हणतात की राजा इथे उभा राहून समुद्राकडे बघत बसायचा. खरं-खोटं माहीत नाही, पण तिथे उभं राहिलं की आपणही तेच करतो.

राजा गेल्यावर १९१९ मध्ये राणीला परत जायची परवानगी मिळाली. ती रंगूनला गेली आणि १९२५ मध्ये तिथे वारली. पण मला थांबवलं ते थोरल्या राजकन्येने. ती मंडालेत जन्मली, पाच-सहा वर्षांची असताना रत्नागिरीला आली आणि इथेच वाढली. राजवाड्यावर नोकरीला असलेल्या गोपाळ सावंतांपासून तिला मुलगी झाली, टूटू. सावंतांचं लग्न आधीच झालेलं होतं. आई आणि बहिणीबरोबर ब्रह्मदेशात गेलेली ही राजकन्या टूटूला घेऊन पुन्हा रत्नागिरीला परत आली आणि १९४७ मध्ये इथेच वारली. टूटूने पुढे इथल्याच माणसाशी लग्न केलं. लोक तिला बाईसू म्हणायचे. ती मराठी बोलायची, गरिबीत संसार केला, मुलं वाढवली आणि २००० मध्ये रत्नागिरीतच गेली. तिच्याकडे ना वाडा आला, ना राज्य. ब्रह्मदेशच्या राजाची नात आणि रत्नागिरीतली एक मराठी बाई, दोन्ही तीच.

माझं गणित तिथे चुकलं. मी समजत होते की मूळ म्हणजे मागे, खूप मागे कुठेतरी असतं आणि तिथपर्यंत पोचलं की आपण कोण ते कळतं. पण पाच-सहा वर्षांची असताना इथे आणलेली राजकन्या आपल्या मूळ देशात गेली आणि तिथून परत आली. तिचं माणूस, तिची भाषा, तिची पोर इथली होती.

थिबाची समाधी शहरात शिवाजीनगर भागात आहे, शेजारी धाकट्या राणीची. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम रत्नागिरीला येऊन या समाधीला वंदन करून गेले. आम्ही गेलो तेव्हा तिथे कुणी नव्हतं. नवऱ्याने चपला काढल्या, मग मीही काढल्या.

परत येताना गाडीत मनात एकच विषय. या जिल्ह्यात माणसं आली, तशी इथून किती गेली! १८३४ पासून मॉरिशसला मजूर नेणं सुरू झालं त्यात आपल्याकडची मराठी माणसं होती, आज तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. रत्नागिरीच्या गावांतले कोकणी मुसलमान केप टाऊनला जाऊन राहिले. आमच्यासारखे गिरणगावात गेले. भाऊ टोरांटोला. प्रत्येक घरात कुणीतरी गेलेलं आणि कुणीतरी राहिलेलं. गेलेल्याने गावाच्या गोष्टी सांगायच्या, राहिलेल्याने कौलं फिरवायची. गोष्टी सांगण्याला फार खर्च येत नाही हो.

कचेरीत दादा, वकील आणि ओळख पटवायला दोन साक्षीदार आले होते. त्यातले एक म्हणजे कालचे टपरीवरचे बाबा! त्यांना विचारलं, "यांना ओळखता?" बाबांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "ओळखतो तर. घाटकरांची लेक." त्यांची माझी ओळख उणीपुरी वीस तासांची होती. कॅमेऱ्यासमोर फोटो झाला, अंगठा झाला, आणि मी माझ्या हिश्शाच्या हक्कसोडपत्रावर सही केली.

आत्या, मी सही केली. कुणी गोड बोलून घेतली नाही, मला रडवूनही घेतली नाही. जे नाव धाकट्या आजोबांनी आपणहून लिहिलं होतं, ते त्यांच्या नातवाला आपणहून परत दिलं, एवढंच. तू तुझं ठरव. मी आग्रह करणार नाही आणि दादानेही केलेला नाही. पण बाबांच्या आठवणीसाठी सही अडवायची असेल, तर त्यांची आठवण कागदावर नाहीये गं. ती त्या ओटीच्या भिंतीवर आहे, हार घालून. काकी रोज पुसते.

बाहेर आल्यावर दादा काही बोलला नाही. रसवंतीवर ऊस पाजला. गाडीत बसताना मात्र म्हणाला, "सही झाली म्हणून येणं बंद करू नको. आता कामच उरलं नाही असं नको व्हायला. शिमग्याला पालखी येते तेव्हा ओटी भरायला घरची लेक लागते. तीस वर्षं आपल्याकडे बाहेरची बाई भरते."

घरी आल्यावर पुतणीला फोन लावला. म्हटलं, एक टाचणी पुरणार नाही, जास्त आण. पहिली मलकापूर, दुसरी पाली, तिसरी लालबाग, चौथी तुझ्या घरावर. तिने विचारलं, "पण मग खरी कुठली?" मी म्हटलं, तू येशील तेव्हा दाखवीन. तिने चारही लावल्या आणि मध्ये लाल दोरा बांधला. फोटो पाठवलाय भावाने. पाली या वेळी बरोबर जागी आहे.

शिमग्याला मी जाणार आहे. नवराही येतोय, त्याचं म्हणणं आता तो सासुरवाडीला नाही तर भाऊबंदांकडे जातोय. काकी थकलीय आणि तिने दोनदा विचारलं, "नणंदबाय कशी हाय?" आत्या, तुझी खोली अजून तिथेच आहे, माजघराच्या उजवीकडची. रेल्वेची तिकिटं लवकर संपतात. येणार असशील तर दोन दिवसांत कळव, मी तुझंही काढते.